लोकला कोणी पाहिलं होतं?

मोक वाह-चान आणि मी एकाच जहाजावर होतो. तो डेकवर, मी भटारखान्यात. जहाज इंग्रजांच्या आरमाराचं, सैन्याचं सामान वाहणारं; पण खलाशी बरेचसे आम्ही हाँगकाँगचे. चान तिथल्याच शाऊ की वान वस्तीतला, माझ्याच इमारतीतला. त्याच्या धाकट्या बहिणीचा, सिउ-लिनचा नवरा, नाव लोक, खाली इंजिनात असायचा.

फॉकलंडची लढाई लागली तेव्हा वाटेतल्या बंदरात विचारलं, कोणाला घरी जायचंय? चानने पिशवी भरलीसुद्धा. लोक त्याला बायकोसारखंच को, म्हणजे दादा, म्हणायचा. म्हणाला, "तू जा, को. मी थांबतो. सगळेच उतरलो तर ही म्हातारी चालवणार कोण?"

"गाढवा, लढाई त्यांची. मरायला आपण कशाला?"

"मरतोय कोण? सैन्य उतरवायचं नि परत फिरायचं."

चानने शिव्या घालत पिशवी रिकामी केली. निघताना बहिणीने नवरा त्याच्या हवाली केला होता.

तिथे पोचल्यावर पहिला बॉम्ब पडला तो जहाजाच्या पोटात जाऊन न फुटता नुसता पडून राहिला. लोक म्हणाला, "हाँगकाँगचा माल असणार!" आम्ही पोट धरून हसलो. तज्ज्ञांनी तो काढून नेला आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो.

मग एका उघड्या खाडीत आम्ही सैनिक घेऊन उभे होतो. उतरवायला होड्या पुरेनात. ऊन चांगलं पडलं होतं, आणि त्याच उन्हात विमानं आली. या खेपेला बॉम्ब फुटले. दारूगोळा, पेट्रोल, सगळं पेटलं. चान इंजिनाकडे उतरणाऱ्या लोखंडी दारावर धावला आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. दांडा लाल झाला होता. सोड म्हटलं तरी सोडेना. मी त्याला पट्ट्याला धरून ओढलं तेव्हा तळव्यांची कातडी दांड्यालाच राहिली. आतून आवाज येत नव्हता.

जहाज कितीतरी दिवस जळत राहिलं. शेवटी खोल समुद्रात ओढत नेऊन बुडवलं. आत राहिलेल्यांची तीच कबर, असं जाहीर झालं.

चान घरी आला तेव्हा बोटं आकसून गेली होती. सिउ-लिनने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"को, तू त्याला पाहिलंस? मेलेला?"

"सगळं जळत होतं गं."

"पाहिलंस का?"

"नाही."

"मग मला विधवा कोणी केलं? तू?"

तिने उदबत्ती लावली नाही, मेलेल्याला तिकडे पोचाव्यात म्हणून जाळतात त्या कागदी नोटा जाळल्या नाहीत. जिवंत माणसाच्या नावाने जाळलं तर अपशकुन होतो, म्हणायची. वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेजारणी कुजबुजायच्या, काहीच पोचत नाही, लोकचा आत्मा तिकडे उपाशी भटकत असेल. हे चानला सहन होईना. एक दिवस तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "लिन, मी खोटं बोललो होतो. मी त्याला पाहिलं. गेलेलाच होता. अंगात तू विणलेला निळा स्वेटर होता."

मी दारात उभा होतो. ती उठली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि निळा स्वेटर काढून त्याच्या मांडीवर टाकला.

"टोचतो म्हणून ठेवून गेला होता," ती म्हणाली. "आता मला सांग, को, तुझं दुसरं काय खरं धरू? ते जहाज बुडालं, हे तरी?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करायची. पंधरा-सोळा वर्षं अशीच गेली आणि एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन ती वारली.

क्रियाकर्माला आम्ही चौघं-पाचजणच होतो. पुरोहिताने विचारलं, "मयताच्या पाटीवर हिच्या नवऱ्याचं नाव कसं लिहू? जिवंत की मयत?"

चान म्हणाला, "ती असती तर जिवंत म्हणाली असती."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी पाहिलेलं नाही," चान म्हणाला.

पुरोहिताने लोकचं नाव लिहिलंच नाही. चानच्या आकसलेल्या बोटांनी काडी धरवत नव्हती, म्हणून उदबत्ती मी पेटवली.

आधी तो रात्री माझ्याकडे जेवायचा. चमच्याने, वाडगा तोंडाशी नेऊन. त्या दिवसापासून येत नाही. मी भाताचा डबा त्याच्या दाराशी ठेवतो. सकाळी डबा बहुधा तसाच भरलेला असतो.