मश्रूम रिसोटो आणि अळंबी

बाबांच्या दाढा काढल्या त्या आठवड्यात त्यांना मऊच खायचं होतं. घरच्या पेजेला ते कंटाळले, म्हणून रविवारी दुपारी मी त्यांना आणि आईला मरोळला, माझ्या ऑफिसजवळच्या हॉटेलात नेलं. मेन्यूकार्ड सगळं इंग्रजीत. मी ‘क्रीमी मश्रूम रिसोटो’ मागवला. रिसोटो म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. चीज घातलेला मऊ भात, एवढंच मी सांगितलं. मश्रूमचं बोललेच नाही. आमच्या घरी ते कधी येत नसत, पण का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चार-पाच चमचे त्यांनी आवडीने खाल्ले. मग चमच्यातला एक तुकडा निरखत थांबले.

“ही अळंबी आहे का गं?”

मी हो म्हटलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, टाके दुखतायत.

मग ते सांगू लागले. कोकणात, गावी, नऊ वर्षांचे असताना त्यांनी रानातून अळंबी आणली होती. आजी, म्हणजे त्यांची आई, शेतावर होती. त्यांनीच ती चुलीत भाजून धाकट्या बहिणीला दिली. स्वतःला आवडत नसे, म्हणून खाल्ली नाही. ती रात्रभर ओकत राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मला एक आत्या होती आणि ती लहानपणीच तापाने वारली, एवढंच आम्हाला माहीत होतं. आईलासुद्धा.

“आईने विचारलं, कोणी आणली,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, तिनेच.”

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वेटरने पार्सल करू का विचारलं, मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गावी थोरल्या काकांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. काका म्हणाले, आजीला ते तेव्हाच कळलं होतं; बाबांना रानातून येताना शेजारणीने पाहिलं होतं.

मला वाटलं, आता त्यांना हलकं वाटेल. पण फोन ठेवून ते खिडकीशी बसून राहिले. आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

“मग ती मला एकदाही बोलली का नाही?” त्यांनी मला विचारलं. अजूनही मधेच विचारतात.