दिलेल्यावर तुळशीपत्र

मुलाला मी किडनी दिली आणि तिच्यासोबत मरणही दिलं, असं मला त्या दिवसांत उठताबसता वाटायचं. नव्वद सालानंतरची गोष्ट. मिलिंद अंबरनाथच्या एका कारखान्यात नुकताच कायम झाला होता. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, घरी आल्यावर पेढे वाटले. आळीतल्या बायका माझं कौतुक करायच्या आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मग ताप आला. काही केल्या उतरेना. खोकला वाढला, श्वास लागायला लागला आणि पोराला पुन्हा त्याच वॉर्डात न्यावं लागलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ताप एका विषाणूचा होता; तो बहुतेकांच्या अंगात कधीतरी शिरतो आणि जन्मभर निजून राहतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण शरीरानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्या प्रतिकारशक्तीच दाबून टाकतात. मग निजलेला उठतो. "मिलिंदच्या रक्तात तो आधी नव्हता. तुमच्या किडनीतून गेला असावा," ते म्हणाले. "यात तुमचा दोष नाही, आई." दोष नाही म्हणे! गोळ्या कमी केल्या तर किडनी जाण्याची भीती, नाही केल्या तर मुलगा जाण्याची. यावरचं इंजेक्शन परदेशातून आणावं लागे, आणि तिकडे आमचं ओळखीचं कुणी नव्हतं. गोळ्यांचं काय करायचं, हे माझ्याच्यानं सांगवेना. माझी किडनी टिकावी आणि मुलगाही वाचावा, दोन्ही मला हवं होतं.

एक दिवस घरी आले ती तशीच शिवमंदिरात गेले. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पिंडीपुढे उभी राहिले आणि भांडले. हात जोडले नाहीत, बेलही वाहिला नाही. मी चांगलं द्यायला गेले, त्यात तू हे का घातलंस, एवढंच विचारत राहिले. रडून वर आले आणि हॉस्पिटलात परतले.

शेजारच्या खाटेवर उल्हासनगरचे एक सिंधी गृहस्थ होते. त्यांचीही किडनी बदललेली, त्यांनाही हाच आजार. त्यांची बायको आणि मी बाहेरच्या बाकावर एकमेकींचा डबा वाटून खायचो. तिच्या भावानं हाँगकाँगहून इंजेक्शनं पाठवली होती. ती संपायच्या आतच तिचा नवरा गेला. मी तिला कवेत घेऊन बसले होते, आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, उरलेल्या इंजेक्शनांचं काय होईल? मला स्वतःची किळस आली. तोंडातून शब्द काढला नाही.

दोन-तीन दिवसांनी ती आली. अंगावर पांढरे कपडे, डोळे सुजलेले. कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "दीदी, इनके काम नहीं आया. बेटे के काम आएगा." मी म्हटलं, "अहो, मैं ये कैसे लूँ?" तिनं नुसता माझ्या हातावर हात ठेवला. मिलिंदकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वस्तूवर तुळशीपत्र ठेवलं की ती आपली राहत नाही. ती बाई तसं देऊन गेली होती. मी किडनी दिली, पण वर तुळशीपत्र ठेवायचं राहिलंच होतं. त्याच संध्याकाळी इंजेक्शनांची पिशवी डॉक्टरांच्या हाती दिली आणि म्हटलं, "गोळ्या कमी करा. किडनी जायची तर जाऊ दे."

ताप हळूहळू उतरला. मिलिंद वाचला, किडनी मात्र वर्षभरात गेली. "आई, तुझी किडनी गेली गं," तो खालमानेनं म्हणाला. "माझी कसली? तुझी होती," मी म्हटलं.

तिचा नवरा का गेला आणि माझा मुलगा का राहिला, मला कळत नाही. याला चमत्कार म्हणायला जीभ रेटत नाही. रोज दिव्यापुढे मी त्या गृहस्थांचं नाव घेते.

मिलिंदचं आता डायलिसिस चालतं. पाणी मोजून प्यावं लागतं, ओठ सुकतात, तरी ठरल्यापेक्षा घोटभर जास्त घेत नाही. सोमवारी आम्ही दोघं मंदिरात जातो. गाभाऱ्यात उतरला की तो भरलेला तांब्या पिंडीवर शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करतो. मी शेजारी हात जोडून उभी असते. मागत काही नाही.