पालथा दगड

आमचं गाव नांदेडच्या हद्दीत घ्यायचं ठरलं, तेव्हा गोदावरीकाठी जपण्यासारखं काय आहे याची यादी गावाकडून मागवली. शिकलेला मी, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी घाट लिहिला, वड लिहिला आणि खाली ‘बाकी काही नाही’ असं ठोकून दिलं.

आई घाटावर धुणं धूत होती. म्हणाली, “हा दगड बी लिही. उलथून तर बघ.”

चौघांनी मिळून धुण्याचा दगड उलथला. खाली जुन्या अक्षरांच्या ओळी होत्या, कालच कोरल्यासारख्या.

“धुणं आपटून झिजली असती. लगीन होऊन आले, तवाच आम्ही बायकांनी पालथा घातला,” आई म्हणाली. मग अक्षरांवरून हात फिरवत तिनं विचारलं, “काय लिवलंय रे?”

मला वाचता येईना.

आई अजून अंगठा लावते.