माहिती गोळा केली जात आहे

संसदेचं कामकाज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणारी सबंध नागपुरात एकच व्यक्ती असेल, तर त्या माझ्या बायकोच्या आत्याबाई. खासदारांची खात्री मी देऊ शकत नाही, आत्याबाईंची देतो. अधिवेशन सुरू झालं की सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी अकराच्या आत स्वयंपाक उरकतो आणि सोलायच्या तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन त्या टीव्हीसमोर बसतात. बघत मात्र नाहीत, डोळे मिटून ऐकतात. उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली, त्यामुळे माणूस त्यांना आवाजातच दिसतो. "हा वाचून राहिला," शेंग सोलता सोलता त्या निकाल देतात, "आन् आता जो उठला ना जावईबापू, त्याले खरंच राग आला." मी डोळे ताणून बघतो. मला दोघंही सारखेच दिसतात.

बजेट म्हणजे तर त्यांच्या घरचा सण. भाच्याचा साखरपुडा नेमका त्या तारखेला निघाला, तेव्हा आत्याबाईंनी मुलीकडच्यांना फोन लावला. "बजेट वर्षातून एकदाच येते. तुमचं दुसऱ्या दिवशी ठेवा." आणि त्यांनी ठेवलं! पंचाईत एवढीच, की तिथला प्रत्येक शब्द त्या खरा धरतात. एकदा महागाई उतरल्याचं निवेदन ऐकून त्या पिशवी आणि मला घेऊन तडक बाजारात गेल्या. वांग्यांचा भाव कालचाच होता. "काहून गा, भाव उतरले म्हणे. तुले कळवलं नाही काय?" भाजीवाला गांगरला. "मावशी, मी तं सकाळपासून इथंच हावो. कोणी आलं नाही." त्याचा काही दोष नाही, असं त्यांनी वाटेत मला दोनदा समजावलं.

मागच्या वर्षी गल्लीच्या तोंडावरच्या छोट्या पोस्टावर नोटीस लागली, की ते दूरच्या मोठ्या पोस्टात जाणार. तिथून पेन्शन उचलणाऱ्या बहुतेक बाया सत्तरीपुढच्या. आत्याबाईंनी खासदारांना पत्र धाडलं आणि रोज कान लावून बसू लागल्या. एके दुपारी कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या सदस्याने अशाच छोट्या पोस्टांबद्दल प्रश्न विचारला. आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. मंत्र्यांचं उत्तर आलं, माहिती गोळा केली जात आहे.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई माहिती गोळा करणाऱ्याची वाट पाहू लागल्या. दार उघडं, टेबलावर पाण्याचा तांब्या. आठ दिवस झाले, कोणी आलं नाही. "मानसं कमी असतीन त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या, आणि शंभरपानी वही घेऊन स्वतःच पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसल्या. लिहायला मला बसवलं. येईल तिला विचारायच्या, "कुठून आली वं? चालत? वाटेत किती डाव बसली?" एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "पोस्ट तिकडं गेल्यावर कशी जाशीन?"

"नाही जाणार," बाई म्हणाल्या.

'फार अडचण होईल' असं मी लिहायला घेतलं. आत्याबाईंनी माझा हात धरला. "ती असं नाही बोलली. जे बोलली तेच लिहा."

वही त्याच पोस्टातून रजिस्टरने दिल्लीला गेली. पोच आली, सहीशिक्क्यासकट. दीड महिन्याने पोस्टही गेलं. त्या दिवशी आत्याबाईंनी टीव्ही लावला नाही. आता दर महिन्याला आत्याबाई पेन्शनवाल्या चौघीजणींना ई-रिक्षात दाटीवाटीने बसवून मोठ्या पोस्टात नेतात. 'नाही जाणार' म्हणणाऱ्या बाईंना मधोमध बसवतात, म्हणजे वळणावर त्या कलंडत नाहीत.

परवा मी गेलो, तेव्हा सभागृह तहकूब झालं होतं. पडद्यावर नुसती रिकामी बाकं, आवाज नाही. आत्याबाई मात्र डोळे उघडे ठेवून बघत बसल्या होत्या.

"जावईबापू, एवढ्या वर्षांत मले कधी दिसलं नाही. तिथं खिडक्या आहेत काय हो?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"विचारलं पाहिजे कोणाले तरी," त्या हळूच म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही त्या रिकाम्या बाकांमागच्या भिंतींकडे बघत राहिलो.