नऊशे सत्त्याण्णव

"गुरुजीला उलटून बोलती काय? बस घरी!" गोरेगावच्या बाजारात गुरुजींचं गाऱ्हाणं ऐकून घरी येताच नवऱ्यानं लेकीचं दप्तर माळ्यावर फेकलं. नऊशे सत्त्याण्णवला एक आणि ती संख्या सोडून कशानंच भाग जात नाही, गुरुजी भाग जातो म्हणाले तेव्हा एवढंच ती वर्गात म्हणाली होती. मी तिला घेऊन शाळेत गेले. तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणत एकेकानं भाग लावून पाहिला, एकतिसाचा तिथंच जुळवला. एकही बराबर बसला नाही. गुरुजी हसले, "अन् पुढचे पाढे, बाई?" मी म्हटलं, "दोन्ही आकडे एकतिसाच्या वरचे घेतले तर हजार ओलांडतंय. एक तरी आतला लागंल, अन् आतला एकबी बसला न्हाई." त्याच संध्याकाळी गुरुजींनी घरी येऊन नवऱ्यासमोर चूक कबूल केली. लेक पुढं शिकली. मी तिची आई, चौथी पास.