अर्धं डोकं

आमचे हे न्हावी. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या मानेवर फुंकर मारायची, ही यांची जन्माची खोड. ब्रश आहे, पण तो शोभेला. फुंकरीला सिगरेटचा असा भपकारा की गिऱ्हाईक श्वास रोखून बसायचं. मी तर लग्न झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपते.

मग हर्नियाचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आधी सिगरेट सोडा, मग तारीख. नंतरही ओढायची नाही. खोकत राहिलात तर टाके उसवतील."

यांनी मान डोलावली. या माणसाने आजवर कशाला मान डोलावली नाही! मला काही भरवसा वाटेना. मी तडक दुकानात गेले आणि सगळ्यांना सांगितलं, "यांच्या फुंकरीला वास आला तर मला कळवायचं."

"अगं, धंदा बसवतेस का माझा?" हे ओरडले.

थोडे दिवस बरे गेले. मग एकदा हे दुकानामागे जाऊन आले, तोंडात लवंग. खुर्चीत यांचे बालमित्र, निवृत्त पोस्टमन. एक बाजू कापून झाली, यांनी कानामागे फुंकर मारली आणि पोस्टमन टॉवेलसकट उठले.

"लवंग खाऊन मला फसवतोस होय रे? उरलेलं डोकं उद्या. तेही फुंकर साफ असेल तर!"

तसेच भर बाजारातून निघाले. एकीकडे कातर लागलेली, दुसरीकडे जंगल. जो विचारेल त्याला सांगत होते, "ह्याने ओढली." हे कंगवा घेऊन मागे. "अरे, चल ना परत! माझी अब्रू जातेय."

"अब्रूचं सोड. तू गेलास तर माझं डोकं कोण कापणार?" पोस्टमनचा आवाज चिरकला.

हे तिथेच थांबले. खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून गटारात टाकलं.

ऑपरेशन झकास झालं. पोटाला उशी दाबून खोकायला सिस्टरने शिकवलं, पण खोकला येईल तर शपथ! घरी चहा झाला की यांचा हात खिशाकडे जायचा. मी त्या हातात कंगवा द्यायचे. मग दिसेल त्याला विंचरत सुटायचे. शेजारचा कुत्राही सुटला नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी खुर्चीत आधी मीच बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. "टोकं सारखी करा." यांनी केली आणि मानेवर हलकेच फुंकर मारली. नुसता गारवा. माझे डोळे भरून आले.

"झालं, ऊठ आता."

"थांबा हो, अजून केस राहिलेत मानेवर," मी म्हटलं.

एकही राहिला नव्हता.