आमेन न म्हटलेली प्रार्थना

"हे प्रभू, या बहिणीच्या मनात संशय होता, म्हणून तू तिच्या नवऱ्याला उचललंस. तिला क्षमा कर."

माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, एल्डर ही प्रार्थना करत होते. नवऱ्याला पुरून आठवडा झाला होता. सांत्वनाची सभा होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. दहावीतली मुलगी मला चिकटून बसलेली. बाप आईमुळे मेला, हे ती ऐकत होती.

संशय खरा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा काविळीने कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात पडला होता. तेव्हा व्हरांड्यात एल्डरना मीच सांगितलं होतं, "साहेब, गुडघे टेकते, पण शब्द येत नाहीत. कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा." त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहील, बाई."

आमच्यात प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. त्यामुळे ज्याला जे सुनावायचं, ते देवाला सांगायचं. कुणाचा मुलगा पितो, कुणाची सून माहेरी गेली, सगळं प्रभूच्या कानावर घालायचं आणि शेजारच्याने मान खाली घालून ऐकायचं. वर आमेन म्हणायचं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. सभा कुणाकडे, गीत कोण सांगणार, चहा कोण करणार, सगळं मीच ठरवायची. असल्या प्रार्थनांना आमेनही म्हणायची.

एल्डर थांबले नव्हते. "प्रभू, गावकुसाबाहेरून आलेल्यांचा विश्वास वरवरचा. आजाने बाप्तिस्मा घेतला, पण रक्त जुनंच."

त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. माझे आजोबा पेठ वडगावजवळच्या खेड्यात मेलेली ढोरं ओढायचे. बाप्तिस्मा दोघांचा एकाच मंडळीत झाला.

मला दुःख झालं नाही. किळस आली. मी डोळे उघडले.

एल्डरचे डोळेही उघडे होते. माझ्याकडेच बघत होते. ओठांवर प्रभूचं नाव, आणि नजर मला कुठे लागतंय ते तपासत होती.

"थांबा," मी म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला. शिरोळहून आलेले माझे मामा भिंतीला टेकून बसले होते. मामा बौद्ध. त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. ते सरळ म्हणाले, "पोरी, तुमचा देव बहिरा हाय व्हय? किती वरडतोय ह्यो मानूस!"

कुणीतरी फिसकन हसलं. प्रार्थना तुटली.

"माझ्याविषयी बोलायचं तर माझ्याशी बोला," मी म्हणाले. "देवाच्या आडून नको. विश्वासाने सांगितलेलं तुम्ही माझ्या लेकीसमोर उघडं केलंत."

"आमेन म्हणा बाई, सभा संपवू."

"नाही म्हणत."

तरी त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुरके मारत. मिशांना लागलेला चहा माझ्याच टॉवेलला पुसला. चपला घालताना म्हणाले, "उद्या तुमच्या मयताला कोण उभं राहतं ते बघू."

मी घाबरले. आमच्या माणसांना मरणापेक्षा या गोष्टीची भीती जास्त. मंडळीविना माती म्हणजे कुत्र्याची माती, असंच आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

टॉवेल चुलीत घातला.

मंडळी मी सोडली नाही. ती एल्डरांच्या आजोबांची नाही. दर रविवारी जाते, पुढच्या बाकावर बसते. संशय अजून आहे. तो आता देवालाच सांगते, भाकरी थापताना, मोठ्याने, कधी भांडून. उत्तर येतं असं खोटं सांगणार नाही.

मुलीला मात्र बजावून ठेवलंय. मी गेले की शवपेटीजवळ तू उभी राहा. शब्द आले तर बोल. नाही आले तर गप्प राहा आणि माती टाक. त्या माणसाला दफनभूमीच्या फाटकातून आत घेऊ नकोस.